पंधरा हजारांत सीडी प्लेअर, बाबांच्या ३१२ सीड्यांसाठी

तलावपाळी

नमस्कार. पोस्ट थोडी मोठी आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

बाबा जाऊन वर्ष झालं. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा घर रिकामं करताना त्यांच्या सगळ्या सीड्या मी घोडबंदर रोडला माझ्याकडे आणल्या. परवा मोजल्या, ३१२ भरल्या. शास्त्रीय गायन सगळ्यात जास्त, मग नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. निम्म्याहून जास्त काळा घोड्याच्या रिदम हाउसमधल्या. पगार झाला की ऑफिसातून परस्पर तिकडे जायचे आणि उशिराच्या लोकलने घरी यायचे. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नव्हते.

शिवाय यातल्या चाळीसेक सीड्या घरी राइट केलेल्या आहेत. सोसायटीच्या गणपतीतल्या बैठका, ओळखीच्यांकडची गाणी, आणि एक आजीच्या ओव्यांची. ओव्या १९९७ साली कॅसेटवर भरल्या होत्या, बाबांनी २००४ साली त्या सीडीवर उतरवल्या.

ॲम्प्लिफायर जुना देशी आहे, स्पीकर सोनोडाइनचे. दोन्ही ठणठणीत. प्लेअर मात्र गेला. ट्रे बाहेर येतो, सीडी आत घेतो, दोन-तीनदा गर्र करून फिरवतो आणि डिस्प्लेवर 'नो डिस्क'. एका दुरुस्तीवाल्याने महिनाभर ठेवून घेतला, नऊशे रुपये घेतले. तीन आठवडे छान चालला आणि पुन्हा तेच.

बजेट पंधरा हजार. नवा घेऊ, सेकंडहॅण्ड घेऊ, की डीव्हीडी प्लेअरवर भागवू?

मानपाडा_नाका

ताई, मीही घोडबंदरवालाच. माझं मत, डीव्हीडी प्लेअर घ्या आणि मोकळ्या व्हा. सीडी सगळे वाजवतात, एमपीथ्री सीडी वाजवतात, नाटकांच्या व्हीसीडी असतील तर त्याही. मागून लाल-पांढरी वायर काढून ॲम्प्लिफायरला लावली की झालं. माझ्याकडे एक पडून आहे, हवा तर घेऊन जा, पैसे नकोत.

वाशीचा_वाचक

डीव्हीडी प्लेअर हा तात्पुरता उपाय. मी दोन वर्षं तसंच केलं. स्वस्त डीव्हीडी प्लेअरला पुढे आकड्यांचा डिस्प्लेच नसतो, कितवा ट्रॅक चालू आहे हे बघायला टीव्ही लावावा लागतो. सकाळी भैरव ऐकायचा तर आधी टीव्ही लावा, हे माझ्याने झालं नाही. शिवाय माझ्यावाला दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर गप्प बसायचा. मैफिलीच्या सीडीत आलापीचा आणि बंदिशीचा ट्रॅक वेगळा असतो, पण गाणं सलग असतं. नेमक्या त्या जागी आवाज तुटला की जिवाला लागतं.

शेवटी यामाहाचा सीडी-एस३०३ नवा घेतला. तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही हे आधीच सांगतो. त्याच्या आसपास डेनॉनचा डीसीडी-६००एनई आणि थोडा वर मरँट्झचा सीडी६००७, पण यातला कुठलाही नवा पंधरा हजारांत येत नाही. थोडं थांबून पैसे साठवता आले तर नवाच घ्या. वॉरंटी मिळते आणि लेसर कोरा असतो.

सोल्डरगन

ताई, 'तीन आठवडे छान चालला' हे वाचून काय केलं असेल ते लक्षात आलं. तुम्ही पुन्हा फसू नये म्हणून सविस्तर लिहितो.

सीडीत ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यावर सूक्ष्म खड्डे. प्लेअरमधला लेसर खालून त्यावर प्रकाश टाकतो, ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. परत आलेल्या प्रकाशावरून खड्डा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळतं. लेसर वर्षानुवर्षं चालून मंदावतो. परत येणारा प्रकाश कमी पडला की प्लेअरला सीडी 'दिसत' नाही. बाजारात या सगळ्या भागाला 'लेन्स' म्हणतात, पण बहुतेक वेळा भिंग चांगलं असतं आणि लेसर थकलेला असतो.

लेन्सच्या पट्टीवर एक इवलासा प्रीसेट असतो. स्क्रू-ड्रायव्हरने तो किंचित फिरवला की लेसरला जास्त करंट जातो आणि मेलेला प्लेअर त्याच मिनिटाला गायला लागतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण थकलेल्या लेसरला असं पळवलं की तो काही आठवड्यांत कायमचा जातो. तुमचं तेच झालंय असं वाटतं. झाकण उघडून लेन्सच्या बाजूला छापलेला नंबर पाठवा. मिळणारी लेन्स असेल तर हाच प्लेअर उभा राहील आणि पंधरा हजार वाचतील.

तलावपाळी

मुलाने झाकण उघडलं. पट्टीवरचा नंबर मी नेटवर शोधला. बनणं कधीच बंद झालंय, कुठेतरी परदेशात जुना स्टॉक दाखवतात आणि लेन्सचीच किंमत अकरा हजार. प्रीसेटच्या खाचेवर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

सोल्डरगन

मग तो सोडा. पण यातून एक गोष्ट पक्की धरा. सेकंडहॅण्ड घेताना आधी लेन्स कुठली आहे ते विचारायचं, ब्रँड नंतर. सोनीची केएसएस-२१३ आणि सान्योची एसएफ-पी१०१एन या दोन लेन्स असंख्य कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसवलेल्या आहेत, आजही मिळतात आणि परवडतात. अशी लेन्स असलेला साधा प्लेअर हा दुर्मीळ लेन्सच्या भारी प्लेअरपेक्षा तुमच्यासाठी कधीही बरा.

खाडीपल्याड

सोल्डरगनभाऊंना शंभर टक्के अनुमोदन. मी नेरूळला असतो, पंधरा-सोळा वर्षं जुन्या ऑडिओच्या नादात आहे. सेकंडहॅण्डमधलं दुसरं मोठं संकट व्होल्टेजचं.

जपानमधून येणारा जुना माल सुंदर दिसतो, स्वस्त मिळतो, आणि १०० व्होल्टवर चालतो. आपल्याकडे २३०. माझा पहिला जपानी प्लेअर मी घरी आणून सरळ भिंतीला लावला. विकणाऱ्याने शब्दाने सांगितलं नव्हतं. आधी घुंऽऽ असा आवाज, मग जळक्या वार्निशचा वास, ट्रान्सफॉर्मर खलास. सगळं मिळून पाच सेकंद. मागच्या पट्टीवर 'एसी १००व्ही' असं छापलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. अमेरिकेतून आलेल्यावर १२० लिहिलेलं असतं. असा घ्यायचाच तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरसकट घ्या. पन्नास आणि साठ हर्ट्झची काळजी नको, सीडी फिरवणारी मोटर स्वतःच्या क्रिस्टलच्या घड्याळावर चालते.

शक्यतो २२०-२४० लिहिलेलाच बघा. पुढच्या रविवारी मी एक सोनी बघायला कोपरखैरण्याला जातोय, माझ्यासाठी नाही, उगाच. तुम्ही येताय का?

मध्यम_षड्ज

मी गाणं शिकते, यंत्रातलं जुजबीच कळतं. पण आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून विचारते. महागडा आणि स्वस्त प्लेअर यांत फरक ऐकू येतो का?

सोल्डरगन

सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. हे मोजमाप सोनी आणि फिलिप्सने १९८० साली ठरवलं आणि १९८२ साली पहिले प्लेअर बाजारात आले. गेल्या पंचवीस वर्षांतला कुठलाही नीट चालणारा प्लेअर एवढं काम चोख करतो. माझ्या बाकावर दोन प्लेअरची लेव्हल मीटरने अगदी सारखी करून लावले, तेव्हा भल्याभल्यांना कोणता कुठला ते सांगता आलं नाही. लेव्हल सारखी नसली की जो थोडा मोठ्याने वाजतो तो 'जास्त खुलतो' असं वाटतं. दुकानात नेमकं हेच होतं.

वाशीचा_वाचक

हे मला मान्य नाही. जुन्या प्लेअरवर तार षड्ज टोचायचा, नव्यावर टोचत नाही. हे मी रोज ऐकतो.

सोल्डरगन

जुन्याचे आउटपुटचे कपॅसिटर सुकले असतील तर असं होऊ शकतं. तो बिघाड, तिथे किमतीचा संबंध नाही. पण तुमच्या कानांना मी खोटं म्हणणार नाही. ताईंच्या पंधरा हजारांत मात्र पैसा लेसर, ट्रे आणि स्पीकरची जागा यांवर जावा. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढले तर तानपुरा आणि गळा वेगळे ऐकू येतील. तेवढा फरक कुठलाही प्लेअर देणार नाही, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मानपाडा_नाका

वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करून देणारा डबा, घेऊन डीव्हीडी प्लेअरच्या डिजिटल आउटपुटला लावला तर?

खाडीपल्याड

चालतं, मी केलंय. डीव्हीडी प्लेअर फक्त सीडी वाचतो, आवाज डॅक बनवतो. ऑप्टिकल वायरने जोडलं तर दोन यंत्रांत विजेचा संबंधच राहत नाही, त्यामुळे अर्थिंग धड नसलेल्या घरात त्या वाटेने गुणगुण येत नाही. पण ट्रॅकमधली खंड पडण्याची आणि टीव्हीची अडचण तशीच राहते. ताईंना रोज ऐकायचंय. ट्रे उघडून सीडी ठेवली आणि बटण दाबलं, एवढंच असावं.

तलावपाळी

सगळ्यांचे आभार. रविवारी यायला जमेल. बघताना नेमकं काय तपासायचं, कोणी सांगेल का? दुकानात किंवा कोणाच्या घरी मी पाच मिनिटं ऐकून 'छान आहे' म्हणून मोकळी होणारी आहे.

सोल्डरगन

घरून तीन सीड्या घेऊन जा. विकणाऱ्याच्या सीडीवर तपासायचं नाही, ती त्याच्या प्लेअरवर वाजतेच.

पहिली, सत्तर मिनिटांच्या वरची. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला साधारण ५०० फेरे, कडेला येईपर्यंत २००. लांब सीडीचा शेवटचा ट्रॅक अगदी कडेला असतो, आणि चकती किंचित वाकलेली असली तर तिथेच सगळ्यात जास्त हलते. थकलेला प्लेअर पहिल्या ट्रॅकवर गोड वाजेल आणि शेवटच्यावर अडखळेल. म्हणून शेवटचा ट्रॅक पूर्ण ऐका. त्याच सीडीवर पहिल्यावरून शेवटच्यावर आणि परत अशा उड्या मारायला लावा.

दुसरी, थोडी ओरखडलेली. सीडीवर माहिती अशी पसरून लिहिलेली असते की अडीच मिलिमीटरच्या आसपासचा तुटलेला भागही प्लेअर हिशोबाने भरून काढतो. चांगल्या प्लेअरवर हलके ओरखडे ऐकू येऊ नयेत.

तिसरी, घरी राइट केलेली. हिच्यातून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परततो. लेसर मंद असेल तर आधी इथेच कळेल. सीडी घातल्यापासून ट्रॅकचे आकडे यायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीन-चार चांगले. दहा लागत असतील तर निघून या.

ट्रे दहा वेळा उघडा-बंद करा. आतला रबरी बेल्ट सैल झाला की ट्रे अर्ध्यावर थबकतो. ती दुरुस्ती किरकोळ आहे, तेवढ्यावरून नाकारू नका, भाव कमी करून घ्या. आणि अर्धा तास चालू ठेवा. काही बिघाड यंत्र तापल्यावरच दिसतात.

एक विनंती. राइट केलेली म्हणून आजीच्या ओव्यांची सीडी नेऊ नका. दुसरी कुठलीही न्या. त्या चाळीस सीड्या कुठल्याही प्लेअरमध्ये घालण्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. राइट केलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगाचा थर जाळून खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उकाडा यांनी तो रंग उडतो. २००४ ची सीडी आज वाचली जाते हेच पुष्कळ. छापील सीड्यांना घाई नाही, यांना आहे.

मध्यम_षड्ज

हे वाचून मी आत्ता उठले आणि गुरुजींच्या शिकवणीच्या सीड्या खिडकीच्या फळीवरून कपाटात हलवल्या.

तलावपाळी

रविवारचा वृत्तांत.

आधी ओव्यांचं सांगते. मुलाच्या लॅपटॉपला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह आणला, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर घेतलं. ते एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतं आणि जमलं नाही तर स्पष्ट सांगतं. चाळीसपैकी छत्तीस सीड्या पूर्ण उतरल्या. तीन अर्धवट. आजीच्या सीडीचे आठ ट्रॅक आले, नववा, शेवटचा, रात्रभर वाचत बसलं आणि सकाळी चूक दाखवली. मला रडू आलं.

मग कोपरखैरण्याला गेले. खाडीपल्याडदादा आधीच आले होते. सोनीचा सीडीपी-एक्सई मालिकेतला प्लेअर, काळा, साधा. मागे २२०-२४० लिहिलेलं मी स्वतः वाचलं. दादांनी मालकांची परवानगी घेऊन चार स्क्रू काढले, लेन्सवर केएसएस-२१३ दिसलं, प्रीसेटवर ओरखडा नाही. मग माझ्या तीन सीड्या. आकडे यायला चार सेकंद, राइट केलेलीला सहा. लांब सीडी माझ्याकडची किशोरी आमोणकरांची होती. शेवटचा ट्रॅक आम्ही सहा जण, त्या घरातले चौघे धरून, न बोलता पूर्ण ऐकला. कुठे अडखळला नाही. ट्रे मात्र सातव्यांदा अडकला.

साडेसहा हजार सांगत होते, बेल्टमुळे साडेपाचला दिला. मालकीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे पडूनच होता, वाजायला जातोय हे बरं झालं.

खाडीपल्याड

बेल्ट मी लॅमिंग्टन रोडवरून आणला, शनिवारी ताईंकडे जाऊन बसवतो. ट्रे आता लोण्यासारखा सरकेल.

पुढे कधी लेन्स बदलायची वेळ आली तर माझा अनुभव लक्षात ठेवा. माझ्या एका प्लेअरला नवी केएसएस-२१३ बसवून दिली तरी 'नो डिस्क'. दुरुस्तीवाला म्हणाला, लेन्स डुप्लिकेट आली. दुसरी आणली, तीही तशीच. शेवटी भिंगातून पाहिलं तेव्हा पट्टीवर सोल्डरचा एक ठिपका दिसला. नव्या लेन्सचा लेसर अंगातल्या स्थिर विजेने जळू नये म्हणून कारखान्यात दोन टोकं सोल्डरने जोडून पाठवतात. बसवल्यावर तो ठिपका काढायचा असतो. काढला आणि दोन्ही लेन्स चालल्या.

वाशीचा_वाचक

साडेपाच हजारांत मस्त काम झालं, ताई. माझ्या मतावर मी ठाम आहे, पण तुमच्यासाठी हेच योग्य होतं. जोडताना फोनो लिहिलेल्या जागी लावू नका. ती जागा तबकडीच्या पिनेच्या क्षीण आवाजासाठी असते, सीडी प्लेअरचा दोन व्होल्टचा आवाज तिथे फाटून येतो. ऑक्स किंवा ट्यूनर लिहिलं असेल तिथे लावा.

आणि पावसाळ्यात एसी बंद करून खिडकी उघडली की लगेच प्लेअर लावू नका. थंड भिंगावर दव धरतं आणि सीडी वाचली जात नाही. वाशीला खाडीच्या हवेत मला हे दरवर्षी दिसतं. तासभर थांबलं की आपोआप जातं.

मानपाडा_नाका

३१२ मध्ये व्हीसीडी निघाल्या का?

तलावपाळी

अकरा! सगळी नाटकं. नव्या प्लेअरमध्ये त्या चालत नाहीत, त्यामुळे तुमचा डीव्हीडी प्लेअर खरंच हवाय. शनिवारी येऊन नेते.

सोल्डरगन

ताई, नवव्या ट्रॅकचं एक सुचवतो. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह अशा सीड्यांना फार कमी पुरतात. जुन्या डेस्कटॉपमधला पूर्ण उंचीचा राइटर मिळवा आणि वेग सगळ्यात कमी ठेवून वाचा. त्याआधी सीडी कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवा. पुसायची मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, आणि तसा लांब ओरखडा भरून निघत नाही. नाव लिहिलेल्या बाजूला हात लावू नका. तिथे थर अगदी वर असतो, वार्निशच्या एका लेपाखाली.

मध्यम_षड्ज

माझ्या मामांकडे पाचपाखाडीला असा डेस्कटॉप आहे, अजून चालू आहे. सांगा, मी विचारते.

तलावपाळी

काल रात्री पाचपाखाडीला गेले होते. सीडी धुतली, मामांनी वेग चारपट ठेवला. नववा ट्रॅक पावणेदहाला सुरू केला आणि साडेदहाला चूक न दाखवता पूर्ण झाला.

घरी येऊन लगेच नवी सीडी राइट केली आणि प्लेअरमध्ये घातली. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले होते. आजी जात्यावरची ओवी म्हणतेय, मागे कुकरची शिट्टी होते, तरी आजी थांबत नाही. चौथ्या कडव्यानंतर बाबांचा आवाज येतो, 'आई, जरा थांब, कॅसेट उलटवतो.' आणि आजी म्हणते, 'उलटव की, मी कुठे जातेय.'

हे बोलणं त्या सीडीवर आहे हे मला माहीतच नव्हतं. शनिवारी बेल्ट बसवायला येणाऱ्या सगळ्यांना ऐकवते. मामांनाही बोलावलंय.